डाव्या कानातला भाडेकरू आणि एक राहिलेला प्रश्न

मी एक जुना भाडेकरू आहे. माझी जागा म्हणजे एका आजोबांचा डावा कान. मित्रांनो, दचकू नका. तुमच्या ओळखीच्या एखाद्या आजी-आजोबांच्या कानामागे काजूएवढी एक वस्तू बसलेली असेल आणि तिच्यातून एक पारदर्शक नळी कानात गेलेली असेल, तर तो माझाच भाऊबंद समजा. लोक आम्हाला श्रवणयंत्र म्हणतात. आमचे आजोबा मला नुसतं 'तो' म्हणतात. "तो कुठे ठेवलाय?" असं त्यांनी विचारलं, की आजी माझी डबी शोधायला उठते.

माझा जन्म एका स्वच्छ, थंडगार खोलीत झाला. पांढरे कोट घातलेल्या बायकांनी भिंगाखाली धरून, चिमट्याने एकेक भाग बसवून मला घडवलं. मग मला एका बंद पेटीत ठेवून शिट्टी, घंटा, माणसाचं बोलणं असं सगळं ऐकवलं. त्या परीक्षेत मी पहिल्या फटक्यात पास झालो. मला त्याचा भारी गर्व वाटला होता आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

आजोबांनी तीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात मोठ्या करवतीशेजारी काम केलं. त्या करवतीने हजारो फळ्या कापल्या आणि जाता जाता आजोबांचं ऐकणंही थोडं थोडं कापून नेलं. नऊ वर्षांपूर्वी कानाच्या दवाखान्यातल्या मॅडमनी मला त्यांच्या कानावर बसवलं. तो दिवस मी कधी विसरणार नाही. आजोबा घरभर फिरत होते. "हे काय करकरतंय?" "तुमच्याच चपला," आजी म्हणाली. "आणि हे टपटप?" "नळ गळतोय, गेले सहा महिने सांगतेय." मग आजोबा स्वयंपाकघराच्या दारात थबकले. "अगं, तू काम करताना गुणगुणतेस?" आजी म्हणाली, "लग्न झाल्यापासून गुणगुणतेय." त्या दिवशी आजोबांनी नळ दुरुस्त केला आणि माझं कौतुक करायला शेजाऱ्यांनाही बोलावलं.

पण मित्रांनो, माझ्यात एक खोट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मी सगळ्याच गोष्टी मोठ्या करून सांगतो. घरात दोन माणसं बोलत असली तर माझ्यासारखा नोकर शोधून सापडणार नाही. गर्दीत मात्र माझा गोंधळ उडतो. चमचे, खुर्च्या, गाणी, हसणं, सगळं मी एकदमच आत ढकलतो. आजोबा वैतागत. मग ते माझ्या पाठीवरचं बारीकसं चाक फिरवून माझा आवाज कमी करत आणि समोरच्या माणसाकडे बघून हसत हसत मान डोलावत. हे मान डोलावणं त्यांना बरंच महागात पडलं आहे. वसाहतीच्या सभेत मान डोलावून ते दोनदा चिटणीस झाले. घरी परतल्यावर आजीकडून ही बातमी कळली, की ते कपाळाला हात लावून बसायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आजी-आजोबांची एक पद्धत आहे. लग्नाच्या वाढदिवसाला दोघंच हॉटेलात जेवायला जायचं, आणि जेवण यायच्या आधी प्रत्येकाने दुसऱ्याला एक प्रश्न विचारायचा. उत्तर खरंच द्यायचं, टाळायचं नाही, आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नाही. पहिल्या वर्षापासूनचा हा नियम. आजी शिवणवर्ग चालवायची. एकदा तिने विचारलं, "मी शिवलेला हिरवा शर्ट तुम्हाला खरंच आवडतो का?" आजोबा म्हणाले, "नाही. त्यात मी पोपट दिसतो." दुसऱ्या दिवशी त्या शर्टाची फडकी झाली आणि कुणी कुणावर रुसलं नाही. पुढे एकदा आजोबांनी विचारलं, "माझं गाणं कसं वाटतं?" उत्तर आलं, "दार लावून गायलात तर बरं." तेव्हापासून ते न्हाणीघरात गातात.

गेल्या वर्षी मुलाने त्यांच्यासाठी एक मोठं हॉटेल ठरवलं. चारी बाजूंनी काचा, उंच छत, चकचकीत फरशी आणि कोपऱ्यात गाणी. आत शिरताच आजोबांनी माझं चाक खाली फिरवलं. थोड्या वेळाने आजी पुढे झुकली आणि तिने वर्षाचा प्रश्न विचारला, "पुन्हा लग्न करायची वेळ आली, तर माझ्याशीच कराल का?"

मी तो प्रश्न ऐकला. पण माझा आवाज इतका बारीक झाला होता, की तो आतपर्यंत पोचवायची ताकद माझ्यात नव्हती. आजोबांनी हसून मान डोलावली. आजी खुश झाली. तेवढ्यात वेटर आला आणि त्याने विचारलं, "आणखी सूप आणू?" आजोबांनी अगदी तश्शीच मान डोलावली. वेटर तीनदा विचारून गेला आणि तिन्ही वेळा तेच. टेबलावर सुपाचे तीन वाडगे आले आणि आजीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. मला फार वाईट वाटलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत महत्त्वाचा निरोप माझ्याकडून राहून गेला होता.

यंदा लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. मुलगा म्हणाला, "आई, त्याच हॉटेलात टेबल सांगून ठेवतो. यंदा तिथे ढोल वाजवणारा ग्रुपपण आहे."

"यंदा हॉटेल मी बघणार," आजी म्हणाली.

माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, ही तिची जन्माची सवय. तिने हॉटेलांची मापं घ्यायला सुरुवात केली. रोज दुपारी चहाच्या निमित्ताने ती आजोबांना एका नव्या हॉटेलात न्यायची, समोर बसायची, ओठ दिसू नयेत म्हणून मेनूकार्ड तोंडासमोर धरायची आणि नेहमीच्या आवाजात विचारायची, "या भिंतीवर चित्रं किती आहेत?" आजोबांनी बरोबर आकडा सांगितला तर हॉटेल पास. "हा खेळ आहे," एवढंच तिने त्यांना सांगितलं होतं.

पहिलं हॉटेल बागेतलं होतं. टेबलाशेजारी कारंजं होतं. दिसायला सुंदर, पण माझ्यापाशी पोचेपर्यंत त्याचा आवाज तळणीच्या कढईसारखा व्हायचा. आजोबांनी चित्रांच्या प्रश्नाला मान डोलावली आणि आजीने वहीत फुली मारली. दुसऱ्या हॉटेलात लोखंडी खुर्च्या होत्या. कुणी नुसतं हललं तरी त्या फरशीवर किंचाळायच्या. तिथेही फुली. तिसरं हॉटेल मात्र इतकं शांत होतं, की वेटरसुद्धा पावलं मोजून टाकत होता. "चित्रं किती?" आजीने विचारलं. "चार!" आजोबांनी बरोबर उत्तर दिलं, पण इतक्या जोरात, की शेजारच्या तीन टेबलांवरच्या लोकांनी वर बघून चित्रं मोजली. आजीला तिचा खरा प्रश्न आठवला असावा. तिने घाईघाईने पर्स उचलली.

परतताना दोघं रस्त्याकडेच्या बाकावर बसले. आजोबा म्हणाले, "अगं, किती हॉटेलं पालथी घालशील? कान माझे गेलेत, हॉटेलांचा काय दोष? मुलगा म्हणतो तिथेच जाऊ. तू मस्त जेव, मी मजेत बसेन."

"गेल्या वर्षी बघितलं ना, कसे मजेत बसला होतात. मी प्रश्न विचारला होता."

"मग? मी काय म्हणालो?"

"काही नाही. मान हलवलीत."

"म्हणजे हो म्हणालो."

"सूप आणू का, त्यालाही तशीच हलवलीत. तीनदा." आजी त्यांच्याकडे वळली. "मला तसला हो नको. ऐकून दिलेलं उत्तर हवंय. मग ते नाही असलं तरी चालेल."

"प्रश्न काय होता?"

"तो टेबलावरच विचारायचा असतो. नियम आहे."

आजोबांचा चेहरा एवढासा झाला. दुसऱ्या दिवशी मात्र चहा व्हायच्या आत ते कपडे करून तयार होते. ते एकटेच निघाले आणि थेट कानाच्या दवाखान्यात जाऊन बसले.

मॅडमनी मला उजेडात धरलं, माझ्या नळीत डोकावून पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "आजोबा, हे शेवटचं साफ कधी केलंत?"

"साफ करायचं असतं?"

"अहो, पहिल्याच दिवशी डबीत ब्रश दिला होता. छोटासा, काळा."

"तो?" आजोबा चाचरले. "त्याने मी मिशी विंचरतो."

मित्रांनो, नऊ वर्षं! अधूनमधून मॅडमच तपासणीच्या वेळी मला साफ करायच्या, पण दीड वर्षात आजोबा तिकडे फिरकलेच नव्हते. माझी नळी मळाने जवळजवळ बुजली होती. मला वाटायचं, आपणच म्हातारे झालो, आता आपल्याच्याने काम होत नाही. आजोबांना वाटायचं, कान गेले. आजी बिचारी हॉटेलांवर फुल्या मारत होती. मॅडमनी मला साफ केलं, नवी नळी घातली, आणि माझा जीव मोकळा झाला. मग त्यांनी आजोबांना समजावलं, "भिंतीकडे पाठ करून बसा. कोपरा घ्या. गर्दी व्हायच्या आधी जा." आजोबांनी या खेपेला मान डोलावली नाही. त्यांनी तिन्ही गोष्टी मोठ्याने परत म्हणून दाखवल्या.

घरी येऊन ते आजीला म्हणाले, "वही ठेवून दे. आता हॉटेल मी बघतो."

लाकडात आयुष्य गेलेला माणूस तो. त्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला होता. काच आणि फरशी आवाज परत फेकतात, लाकूड आणि कापड तो पिऊन टाकतात, हे त्यांना कारखान्यापासून ठाऊक होतं. फक्त ते ज्ञान कधी जेवणाच्या कामी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. मग आमची स्वारी निघाली. आजोबा हॉटेलात शिरायचे, टेबलावर बोटाने टकटक करायचे, पडद्याचं कापड चिमटीत धरायचे आणि मान वर करून छत बघायचे. एका मालकाला वाटलं, हे कुणीतरी तपासणीला आलेले साहेब आहेत. त्याने लगबगीने चहा मागवला आणि स्वयंपाकघर किती स्वच्छ आहे ते दाखवलं. आजोबांनी चहा घेतला, स्वयंपाकघराचं कौतुक केलं आणि "छत काही बरोबर नाही तुमचं," असं सांगून बाहेर पडले.

चौथ्या दिवशी ते सापडलं. टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर दोन बहिणींनी चालवलेलं छोटंसं हॉटेल. बुटकं लाकडी छत, जाड पडदे, टेबलांवर दुहेरी कापड आणि जमिनीवर जागोजागी रफू केलेला गालिचा. कोपऱ्यात भिंतीला लागून दोघांपुरतं टेबल. मी आत शिरताच ओळखलं, इथे मला काम करता येईल. आजोबांनी टेबलावर टकटक केली आणि ते स्वतःशीच हसले.

मुलगा कुरकुरला, "बाबा, चाळिसावा वाढदिवस आणि हे हॉटेल? याची पाटीसुद्धा धड दिसत नाही."

"पाटी बघायला जातंय कोण?" आजोबा म्हणाले.

वाढदिवसाच्या संध्याकाळी साडेसहालाच मुलाने दोघांना तिथे सोडलं. हॉटेलात अजून कुणी नव्हतं. आजोबा भिंतीकडे पाठ करून बसले. माझ्यात नवी बॅटरी होती. थोरली बहीण एप्रनला हात पुसत आली, तेव्हा आजोबा म्हणाले, "ताई, थोडं थांबा. आमचं एक काम राहिलंय, वर्षभर."

ताई हसून आत गेली. आजीने सवयीने मेनूकार्ड उचललं आणि तोंडासमोर धरलं. मला कळेना, ती आजोबांची परीक्षा घेत होती की नुसतीच लाजत होती. कार्डामागून आवाज आला, "पुन्हा लग्न करायची वेळ आली, तर माझ्याशीच कराल का?"

मी एकूण एक अक्षर नीट पोचवलं. पण आजोबा गप्प. माझं धाबं दणाणलं. मी स्वतःला आतून चाचपलं; नळी स्वच्छ होती, बॅटरी भरलेली होती. आजीने कार्ड हळूच खाली घेतलं. तिचे डोळे भरले होते.

"नाही ऐकू आलं?"

"आलं," आजोबा म्हणाले. "पुन्हा विचार."

"आलं तर मग पुन्हा कशाला?"

"असलं काही ऐकायला मिळतं का रोज? विचार ना."

आजी हसली. मग तिने कार्ड बाजूला ठेवलं आणि समोर बघून, न लाजता, तोच प्रश्न पुन्हा विचारला. आजोबा म्हणाले, "हो. तुझ्याशीच." आणि मित्रांनो, त्यांची मान अजिबात हलली नाही. मी कानावरच होतो, हलली असती तर मला कळलं असतं.

आता पाळी आजोबांची होती. ते बराच वेळ टेबलावरच्या कापडाची घडी सारखी करत राहिले. मग त्यांनी विचारलं, "इतक्या वर्षांत मी नुसती मान डोलावली आणि तू परत विचारलंच नाहीस, असं काय काय होतं?"

आजीने खुर्ची पुढे ओढली. "पुष्कळ आहे."

"मग सुरू कर. मी कुठे जात नाहीये."

"मला पोहायला शिकायचं होतं," आजी म्हणाली. "तुम्ही सोबत याल का, असं विचारलं होतं. सहा वर्षं झाली त्याला."

आणि मग ती सांगत गेली. ताई दोनदा येऊन परत गेली. हळूहळू बाकीची टेबलं भरली, पण आजोबांनी माझ्या चाकाला हात लावला नाही. नऊ वर्षांत मी इतकं मनापासून काम केलं नव्हतं.

हल्ली दर मंगळवारी सकाळी मला सुट्टी असते. मी डबीत कोरडा बसून राहतो, कारण पाण्याशी माझं मुळीच जमत नाही आणि ते दोघं तलावावर गेलेले असतात. डबीत माझ्या शेजारी तो काळा ब्रश असतो. मिशीसाठी आजीने वेगळा कंगवा आणून दिला आहे.

मित्रांनो, आमच्यात नऊ वर्षं म्हणजे म्हातारपणच. लवकरच माझ्या जागी नवा भाडेकरू येईल आणि मी त्याला जागा देईन. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर रोज रात्री ब्रशने त्याची नळी तेवढी साफ करून द्या. हे दोन मिनिटांचं काम आहे. आणि घरातल्या कुणी तुमच्या बोलण्यावर हसून नुसतीच मान डोलावली, तर मनात अढी धरून गप्प बसू नका. त्यांच्यासमोर जाऊन बसा आणि पुन्हा विचारा.