उतरलेलं पाणी

त्र्याऐंशीच्या माघात आम्ही समुद्र पाहायला गेलो होतो. तिथं माझ्या हातून जे राहून गेलं ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली होती तेव्हा ते माझ्या सासऱ्यांनी दुसऱ्याच तऱ्हेनं सांगून टाकलं.

माझा नवरा टेकचंद जवाहरनगरच्या फॅक्टरीत फिटर. चार वर्षांतून एकदा सरकारी खर्चानं लांबचा प्रवास मिळायचा. आधीच्या खेपेला, एकोणऐंशी साली, सासूबाई म्हणाल्या होत्या, "मले एकडाव समुद्र दाखवा ना बाप्पा. तलाव पाह्यता पाह्यता जलम गेला." मला ताजमहाल पाहायचा होता. मी म्हटलं, "या खेपेले आग्रा, पुढच्या खेपेले समुद्र. समुद्र काय पळून जाते?" समुद्र पळाला नाही. एक्क्याऐंशीच्या दिवाळीत तीन दिवसांच्या तापानं सासूबाईच गेल्या.

त्यामुळे पुढची खेप आली तेव्हा कुठं जायचं हा प्रश्नच नव्हता. बाकी नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. फॅक्टरीत काम वाढलेलं, नवऱ्याला शुक्रवारची अर्धी आणि सोमवारची एक, एवढीच रजा मिळाली. शनिवार-रविवारात अलिबाग गाठून परत यायचं ठरलं. पोरींना मी वरठीला आईकडे ठेवलं आणि मनात म्हटलं, चला, लग्नाला बारा वर्षं झाली, एकदा तरी दोघंच कुठं जाऊ. शुक्रवारी दुपारी भंडारा रोड स्टेशनवर पाहते तर सासरे आमच्या आधी येऊन बाकावर बसलेले. पायात नवे जोडे, मांडीवर गाठोडं. नवऱ्यानं त्यांचं तिकीट काढलं होतं, फक्त मला सांगायची हिंमत केली नव्हती.

गाठोड्यात सासूबाईंचं हिरवं लुगडं होतं, मोहाडीच्या कोष्ट्याकडून घेतलेलं, करवती काठाचं. माझी नणंद शोभाताई, तिनं ते बांधून दिलं होतं. लुगड्याचा पदर समुद्रात बुडवायचा, म्हणजे आईचा समुद्र पाहून झाला. मग वाळवून ते परत आणायचं, शोभाताई जपून ठेवणार. आणि आमच्या घरची रीत अशी, की गेलेल्या बाईचं लुगडं पाण्याला लावायचं ते लेकीनं नाहीतर सुनेनं. पुरुषानं नाही.

"शोभा म्हने, वहिनीनंच आईले कबूल केलं होतं, आता वहिनीच्याच हातानं होऊ द्या," सासरे म्हणाले. त्यांनी निरोप होता तसा सांगितला. त्यातला काटा मला बरोबर टोचला.

सासऱ्यांचं नाव तेजराम. चाळीस वर्षं ते गावच्या तलावाचं पाणी सोडत. तलावाच्या पाळीतलं तुडूम, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, कधी उघडायचं, कुणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी जाऊ द्यायचं, हे ते सांगत. काठाला काडी रोवून तलाव किती उतरला ते पाहत आणि बोलत तो गावचा शेवटचा शब्द. एका दुष्काळी साली त्यांनी सांगितलं, आता दोनच पाळ्यांचं पाणी आहे, शेवटच्या बांध्यांना पोचत नाही. शेवटची बांधी त्यांचीच होती. एखादी पाळी जास्त आहे म्हणून सांगायचं होतं, कोण मोजायला येणार होतं? त्यांनी सांगितलं नाही, आणि घरचा धान वाळला. सासूबाई हे रागानं सांगत की कौतुकानं, मला कधी कळलं नाही.

शनिवारी सकाळी मुंबईला उतरलो, लाँचनं रेवसला आणि बसनं अलिबागला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. समोर पाण्यात किल्ला, आणि किल्ल्यापर्यंत लोक चक्क पायी जात होते. सासरे बराच वेळ उभेच राहिले. मग त्यांनी वाळूतली एक काडी उचलून पाण्याच्या काठाला रोवली. थोड्या वेळानं पाहिलं तर पाणी काडीपासून वीस पावलं आत गेलेलं.

"उतरून राहिलं," ते म्हणाले. "कुठंतरी मोठं तुडूम उघडलं दिसते."

नवरा हसला. मलाही हसू आलं, पण समुद्राबद्दल मला तरी काय माहीत होतं? भरती-ओहोटी हे शब्द मी सातवीत पाठ केले होते, परीक्षेत लिहिलेही होते. तिथं उभी असताना त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. आमच्याकडे माघात तलावाचं पाणी उतरलं की उतरलं, पुढच्या पावसाळ्याशिवाय चढत नाही. उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीत लोक बेधडक लाखोरी पेरतात. उतरलेल्या पाण्याला कुणी भीत नाही.

सासऱ्यांनी गाठोडं सोडायला घेतलं. "घे बाई, करून टाक."

मी किल्ल्याकडे पाहत होते. लोक जात होते, नवरा चार पावलं पुढं गेला होता. शोभाताईचा तो काटा अजून निघाला नव्हता. आल्या आल्या पहिलं काम हेच का, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, रागच आला होता.

"मामाजी, येताना करू ना," मी म्हटलं. "पाणी काय पळून जाते?"

तोंडातून गेल्यावर मला ऐकू आलं मी काय बोलले ते. सासऱ्यांनाही आलं असणार. ते फक्त "बरं" म्हणाले. चिखलातून लुगडं कशाला न्या, म्हणून त्यांनीच एक उंच कोरडा खडक निवडला. पाण्यापासून शंभर पावलांवर होता. त्यावर गाठोडं ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवला. "इथंवर नाही येत आता," ते म्हणाले, आणि तेजरामनं सांगितलं म्हणजे सांगितलं.

किल्ल्यात गणपतीचं देऊळ होतं, गोड्या पाण्याची विहीर होती. सासऱ्यांनी विहिरीत वाकून वाकून पाहिलं. नवऱ्यानं मला शहाळं घेऊन दिलं. आमचं छान चाललं होतं. पाच वाजत आले तेव्हा एक टांगेवाला ओरडत आला, निघा, नाहीतर रात्र इथंच काढाल. बाहेर येऊन पाहते तर आम्ही चालत आलो ती वाट नव्हतीच. टांग्यात बसून आलो तरी पाणी अर्ध्या चाकांच्या वर होतं. काठाला उतरलो आणि खडक शोधायला लागलो. जिथं खडक होता तिथं लाट फुटत होती.

सासरे जोड्यांसकट कमरेइतक्या पाण्यात गेले. नवऱ्यानं त्यांना धरून आणलं. "चढलं कसं?" एवढंच ते विचारत राहिले. "टेकचंद, पाऊस नाही, पानी नाही, चढलं कसं?"

जवळ एक कोळीण सुकी मासळी गोळा करत होती. तिनं आमचा अवतार पाहिला आणि समजावून सांगितलं. आज तिथी कोणती? एकादशी. तिथीची पाऊणपट करायची, अकरा पाऊण सव्वाआठ. सव्वाआठला पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी, असं रोज दोनदा. "बुडालेलं कधी कधी भरतीबरोबर काठाला लागतं," ती म्हणाली. "सकाळी बघा."

सासरे खाली वाळूकडे पाहत ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "उद्या द्वादशी. बारा पाऊण नऊ."

रविवारी आठ वाजता ते काठावर होते. पाणी कुठवर येईल ते पाहून काडी रोवून बसले होते. नऊला पाणी काडीच्या हातभर खाली थांबलं आणि परतलं. एका रात्रीत माणसानं समुद्र शिकून घेतला होता. पण बैल गेला अन् झोपा केला, त्यातली गत. परतत्या पाण्यामागं आम्ही अकरापर्यंत काठ धुंडाळला. दोरखंड सापडला, नारळाची सोडणं सापडली, एका लेकराची चप्पल सापडली. हिरवं काही दिसलं की मी धावत जाई आणि ते शेवाळ निघे. शेवटी मी पाण्यातच उभी राहून रडले. लुगडं गेलं म्हणून रडले, आणि दोन्ही वेळा एकच वाक्य बोलले म्हणून रडले. नवऱ्यानं घड्याळ दाखवलं. दीडची लाँच होती.

परतीच्या गाडीत सासरे खिडकीशी बसून होते. चहा दिला तर घेत, विचारलं तर मान हलवत. मला एकच धास्ती होती. सोमवारी शोभाताई माहेरी येऊन बसणार, पहिला प्रश्न लुगड्याचा असणार. आणि हा माणूस पाण्याबद्दल खोटं बोलत नाही. स्वतःच्या बांधीसाठी बोलला नाही, तो माझ्यासाठी कशाला बोलेल? त्यानं खोटं बोलू नये असंही मला वाटत होतं. जे केलं ते माझ्या पदरात पडायलाच हवं होतं.

शोभाताई ओसरीवरच होती. शेजारच्या रुखमिणीकाकू, कवडूभाऊ असे दोघंचौघं समुद्राचं ऐकायला आलेले. मी आत जाऊन चहा ठेवला आणि दाराआड उभी राहिले.

"बाबा, आईचं लुगडं?" शोभाताईनं विचारलं.

"समुद्राले देल्लं," सासरे म्हणाले. "तुह्या वहिनीनं आपल्या हातानं पदर बुडवला. गेल्या गेल्या. मंग म्याच म्हनलं, राहू दे आता पान्यात. तिले तिथंच करमन."

शोभाताईनं पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "बरं झालं. वहिनीनं शब्द पाळला."

कवडूभाऊंनी विचारलं, "पानी कसं हाय जी तिथलं, तेजरामभाऊ?"

सासऱ्यांनी त्यांना तिथीची पाऊणपट सांगितली, किल्ला सांगितला, टांगा सांगितला. सगळं खरं सांगितलं. मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा त्यांनी कप घेतला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.