शेवटच्या पाण्यातलं व्हिनेगर

वॉशिंग मशीनमागे दडवलेली व्हिनेगरची बाटली हाती लागली, तेव्हा सासूबाईंना घबाड सापडल्यासारखं झालं. सुनेशी भांडल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

"माझ्या चादरींना आंबूस वास मारतो तो यामुळे होय?"

"शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी घालते," सून म्हणाली. "कपडे मऊ राहतात."

"आम्ही जन्मभर नुसत्या साबणानं धुतले, ते काय पोत्यासारखे होते?" आणि सुनेच्या डोळ्यांदेखत त्यांनी बाटली मोरीत उपडी केली.

"बरं. तुमची मर्जी," एवढंच म्हणून सून आत गेली. जिंकूनही सासूबाईंचा विरस झाला.

दोन दिवसांनी लेक आली. हिच्या पर्समध्ये वृद्धाश्रमाचा फॉर्म कायम तयार. 'अंथरूण ओलं व्हायला लागलं, की मी कुणाचं ऐकणार नाही,' असं तिनं आईला बजावलं होतं. अंथरूण वर्षभर ओलं होत होतं. पण सगळ्यांच्या आधी उठून चादर मशीनच्या तळाशी कोंबायची आपली युक्ती कुणाला कळलेली नाही, याची सासूबाईंना खात्री होती. घरातले सगळे त्यांच्या मते मठ्ठ, आणि सून त्यांची मुकादम.

लेक पलंगावर टेकली आणि तिनं नाक मुरडलं. "आई, धुतलेल्या चादरीला हा वास कसला?"

ती अर्धी वाटी वर्षभर कशासाठी पडत होती, ते सासूबाईंना आत्ता कळलं. दारात सून हाताची घडी घालून उभी होती. सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा तिच्याकडे विनवणीनं पाहिलं, आणि त्याबद्दल त्यांना तिचाच भयंकर राग आला.

"मशीनची नळी तुंबलीये," सून म्हणाली. "दोन दिवस सगळ्याच कपड्यांना वास येतोय."

लेक गेल्यावर सुनेनं रिकामी बाटली सासूबाईंच्या मांडीत आणून टाकली.

"उपकार समजू नका. मला तुम्ही डोळ्यांसमोर नकोच आहात. पण या घरात वन्संचा शब्द चालू द्यायचा नव्हता. आता ही भरून आणा. तुम्हीच."

"मी? तीन जिने उतरून?"

"नाहीतर पुढच्या वेळी वन्संना उत्तर तुम्हीच द्या."

मनातल्या मनात तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत सासूबाईंनी काठी उचलली.

"व्हिनेगर?" दुकानदार हसला. "आज काय खास बेत, आजी?"

"तुला काय करायच्यात चौकशा?" त्या खेकसल्या. "दोन दे. मोठ्या."