बाबांची पितळी नळी

"पडली! आणखी एक पडली!"

बंदरावरच्या उपाहारगृहात माणसं बाकांवर चढून बघत होती. नळीवाल्या बाबांनी एका हमालाच्या कानाला पितळी नळी लावली होती. नळीच्या खालच्या तोंडातून एक पांढरी अळी टपकन बशीत पडली आणि बाबांनी ती लगेच काळ्या काढ्यात बुडवली.

"मेंदूच्या सातव्या पडद्यामागे दडून बसली होती, चांडाळीण!" बाबा गरजले. "दवाखान्यात पाठीत सुई खुपसतात आणि जन्माचं लुळं करतात. पुढचा कोण?"

पुढचा मामा होता. म्हणूनच भाची इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून धावत आली होती. मामा क्रेन चालवायचा. बंदरावर मेंदूतल्या अळीचा रोग पसरला होता; चार दिवस त्याचंही डोकं फुटत होतं, मान वाकत नव्हती, अंगाला सदरा लागला तरी आग होत होती.

"मामा, ऊठ. इस्पितळात तुझ्यासाठी खाट राखून ठेवलीये."

"गप गं. त्या सुईवाल्यांच्या हाती पाठ देऊ?"

"डोळ्यांनी बघितलं ना आम्ही!" मामी म्हणाली. "तुझ्या सूक्ष्मदर्शकात दिसली का कधी एवढी अळी?"

"तेच तर सांगतेय, मामी! खरी अळी केसासारखी बारीक असते. ती मेंदूभोवती असते. कानातून यायला तिला वाटच नाही, मध्ये कानाचा पडदा आहे."

"पडदा फाडून येते!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मग रक्त का नाही आलं?"

रांग तसूभर हलली नाही. गेला आठवडाभर भाची सगळ्यांना हेच सांगत होती. भिंतीशी बोलली असती तर निदान 'गप गं' तरी ऐकावं लागलं नसतं.

तेवढ्यात बाबांनी पुढची नळी स्टोव्हवर धरली. "शुद्धीसाठी!"

प्रत्येक वेळी नळी नवी. प्रत्येक वेळी आधी तापवायची. भाचीने बाबांच्या ताटातली एक नळी उचलली, स्टोव्हवर धरली आणि टेबलावरच्या बूच लावलेल्या रिकाम्या बाटलीला टेकवली. दोन अळ्या बशीत पडल्या.

"बाटलीलाही रोग झाला वाटतं?"

काही जण हसले. तिने दुसरी नळी न तापवताच आतून पेन्सिलीने कोरली. आत मेणाचा थर आणि त्यामागे वळवळ. मेण वितळलं की अळ्या खाली. रांगेतला गोदामाचा मुकादम बशीवर वाकला.

"अरे, ह्या तर आपल्या गोदामातल्या! भिजक्या पिठातल्या!"

"श्रद्धा नसलेल्या हातांनी नळी विटाळली!" बाबा किंचाळले.

"पण मला बरं वाटलं की!" हमाल म्हणाला.

"बरेच जण आपोआप बरे होतात, दादा. मेंदूतल्या खऱ्या अळ्या माणसात फार दिवस जगत नाहीत. श्रेय मात्र नळी घेते. ज्यांना बरं वाटत नाही, ते इथे सांगायला येत नाहीत. ते आमच्याकडे येतात, फार उशिरा."

"उंदरांचा रोग ना? उंदीर तर आम्ही मारले," मुकादम म्हणाला.

"जहाजांतून उंदीर देशोदेशी पोचले, तसा हा रोगही पोचला. पण तो उंदीर चावून होत नाही. उंदराच्या लेंड्यांत या अळ्यांची पिल्लं असतात; त्या लेंड्या गोगलगायी खातात आणि पाल्यावर चढतात. नखाएवढी गोगलगाय पानाआड असते. कच्चं पान खाल्लं की तीही पोटात." बोलता बोलता ती थबकली. "मामी, बाबांचा हिरवा रस कशाचा गं?"

"गोदामामागच्या पाल्याचा. ताजा, कच्चा. धुतला तर गुण जातो म्हणे."

"मामा किती दिवस पितोय?"

"महिना झाला. गुडघ्यांसाठी सुरू केला होता." मामी मामाकडे वळली.

मामाने टेबलाला धरून उभं राहायचा प्रयत्न केला. "सुईने लुळा नाही ना होणार?"

"नाही. तपासायला मणक्यातलं पाणी काढतात, तेव्हा टोचेल. डोकंही एखादा दिवस दुखेल. पण लुळा नाही होणार."

"मग चल. हात धर."

निम्मी रांग अजून तशीच उभी होती. बाबा नवं मेण शोधत होते. दारात भाची वळली.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका. स्वतः बघा, चार ठिकाणी विचारा, मग ठरवा. पण ते ठरेपर्यंत, पाया पडते तुमच्या, पाला शिजवून खा."