बीला वर कुठे ते कसं कळतं

‘वर्गात जी तोंड उघडत नाहीत ना मॅडम, त्यांना फोनवर बोलतं करा. लिहिण्यापेक्षा आवाजी निरोपाला दुप्पट गुण द्या, बघा कशी पोपटासारखी बोलतात!’ सत्राच्या सुरुवातीचं विभागप्रमुखांचं हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. त्यांच्या सांगण्यावरून मी वनस्पतिशास्त्राच्या वर्गाचा ग्रुप केला.

पोपट बोललेच. ‘छान प्रश्न’, ‘अगदी बरोबर’, अंगठे, बदाम. गुणांसाठी चाललेली ती उष्टी बडबड वाचताना शिळ्या पावाची बुरशी चुकून जिभेला लागावी तसं व्हायचं.

मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी गप्प. बोलताना ती अडखळते. मीच तिला प्रयोगशाळेत गाठलं.

‘बाळ, एकदा बोलून तर बघ.’

‘ह... हसतील, मॅडम.’

‘हसू देत. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी त्याच दिवशी देईन. शब्द देते.’

आज सकाळी तिचा आवाज आला. ‘बी अंधारात असते. मग तिला व... व... वर कुठे ते कसं कळतं?’

सत्रभरात त्या ग्रुपवर आलेला हा पहिला खरा प्रश्न. तास संपवून मी उत्तर लिहिलं, पण तोवर कुणीतरी तिचा तो अडकलेला ‘व... व...’ कापून, त्याला टाळ्यांचा ठेका लावून परत ग्रुपवर टाकला होता. खाली खिदळणाऱ्या चेहऱ्यांचा खच. एकाने विचारलं होतं, ‘मॅडम, यालाही दुप्पट गुण ना?’ माझं उत्तर त्या उकिरड्यात कुठल्या कुठे गडप झालं.

मी फोन घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी तो ठेका ऐकला आणि चक्क हसले.

‘पोरंच ती! ग्रुप बंद नका करू हं. एवढा सहभाग कुठल्याच विभागात नाही. उद्या तपासणीला येणाऱ्या समितीला हाच दाखवणार आहे मी.’

‘सर, ती मुलगी ग्रुपमधून गेली. विषयही सोडते म्हणून मला कळवलंय तिनं.’

‘एक गेली तर गेली. बाकीची बघा ना, कशी मोकळी झालीत!’

त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं, मलाही कप पुढे केला. त्या खोलीतलं पाणीसुद्धा माझ्या घशाखाली उतरलं नसतं.

‘मोकळी नाही सर, मोकाट,’ मी हळूच म्हटलं आणि त्यांच्यासमोरच एकेकाला काढून ग्रुप मोडला.

‘अहो, काय करताय! समिती!’ ते मागून ओरडत राहिले.

प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या कपाटात चवळी रुजत घातलेली काचेची बरणी होती. पुढच्या तासासाठी मी ती परवा आडवी करून ठेवली होती. उजेडाचा कवडसाही नसताना सगळे कोंब वळून पुन्हा वर निघाले होते, मुळं खाली.

दिवस अजून मावळला नव्हता. बरणी छातीशी धरून मी त्या मुलीच्या वसतिगृहाचा जिना चढू लागले.