शकूची बोटं

२००३ सालच्या डिसेंबरात सिताराच्या कर्वेनगरच्या शाळेची मुलींची सॉफ्टबॉल टीम पहिल्यांदाच जिल्ह्याच्या फायनलला पोचली. समोर लोणी काळभोरची शाळा होती. त्यांची कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी शकू, ही सिताराची जिवाची मैत्रीण. मेच्या सुट्टीत जिल्ह्याच्या शिबिरात दोघी दहा दिवस एका खोलीत राहिल्या होत्या. "तुमच्या पुण्यात दुपारची समदी दारं लावून झोपत्यात, खरं हाय का गं?" असं शकू गंभीर चेहरा करून विचारायची आणि सितारा हसून हसून लोळायची.

त्या दिवशीही मॅचआधी दोघी मैदानाच्या कडेच्या चिंचेखाली बसल्या. शकूचा भाकरी-ठेचा सिताराने घेतला, सिताराचे कबाब शकूने. शकूच्या उजव्या हाताच्या नखांना पांढरा रंग फासला होता.

"हे काय गं? लग्नबिग्न आहे का?"

"गप. मैनाला लांबचं दिसत नाय. चष्मा लावून खेळायला लाजती. माझी बोटं तरी दिसावी तिला." मैना म्हणजे त्यांची पिचर. कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर गुडघ्यांच्या मधे बोटं धरून तिला सांगते. "कुणाला बोलू नको हां," शकू म्हणाली. सितारा बोललीही नाही कुणाला.

पण सहाव्या डावात कर्वेनगर एका रनने मागे होतं, तेव्हा कोच संभाजी सरांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "सेकंड बेसवर जी पोचेल तिने कॅचरची बोटं बघायची. पुढचा चेंडू हळू येणार असेल तर हेल्मेटला हात लावायचा. बॅटरला तेवढं पुरे."

"सर, असं चालतं?" सिताराने विचारलं.

"नियमात बसतं. तुला वेगळा नियम माहीत असेल तर सांग, मलाही कळू दे."

नेमकी सिताराच सेकंड बेसवर पोचली. तिथून पिचरच्या पाठीवरून थेट शकू दिसत होती. खाली मान घालायचं तिने ठरवलं होतं, पण शकूच्या गुडघ्यांच्या सावलीत ती पांढरी नखं दिसलीच. एक बोट म्हणजे जोराचा चेंडू, दोन म्हणजे हळू. चार चेंडूंत तिला सगळं उमगलं. शकूने पुन्हा दोन बोटं धरली आणि सिताराचा हात हेल्मेटकडे गेला. बॅटिंगला कमरजहां होती; ती नेहमी हळू चेंडूवर घाईने बॅट फिरवायची. या वेळी ती थांबली आणि तिने चेंडू पार कुंपणापर्यंत मारला. कर्वेनगरचे दोन रन झाले आणि तेवढ्यावरच मॅच जिंकली.

लोणीच्या एका मुलीने सिताराचा हात पाहिला होता. मॅच संपल्या संपल्या मैना शकूच्या अंगावर धावून गेली. "तिला बोटांच्या खुणा कुणी सांगितल्या? सकाळच्यान् चिंचेखाली काय खुसपुसत व्हता दोघी?"

"मी नाय सांगितलं!" शकू म्हणाली. तिने मान वळवून सिताराकडे पाहिलं. सिताराचे ओठ उघडले. तेवढ्यात संभाजी सर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, फोटो." आणि ती गेली.

महिन्याभराने जिल्ह्याच्या निवडीला लोणीहून मैना एकटीच आली. डोळ्यांवर चष्मा होता. "शकू कुठंय?" सिताराने विचारलं.

"तिचं नाव काढू नको. आमच्यात कुणी बोलत नाय तिच्याशी."

तेव्हा कुठे सिताराने सगळं सांगितलं. "आन् हे तुला आज सुचलं व्हय?" मैना म्हणाली.

सिताराने घरी अब्बांना, कादरभाईंनाही सगळं सांगितलं. त्यांनी रविवारी आपलं घड्याळांचं दुकान बंद ठेवलं आणि तिला स्कूटरवर बसवून लोणीला नेलं. शकूची आई मथुराबाई अंगणातच भेटली. तिने दोघांना पाणी दिलं आणि म्हणाली, "पोरगी मागं गोठ्यात हाय. जा. पन खेळाचं नगं काढू. लई रडलीया."

शकू शेण भरत होती. सिताराने सगळं एका दमात सांगून टाकलं.

"मला ठावं हाय," शकू म्हणाली. "तू हात लावलास तवाच दिसलं मला."

"मग बोटं झाकली का नाहीस?"

"झाकली असती तर मैनालाबी दिसली नसती."

"आणि नंतर... माझं नाव का नाही सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं की. कोन ऐकतंय?" शकूने पाटी खाली ठेवली. "पयले आठ-धा दिवस वाटायचं, तू येशील. त्यांच्या म्होरं बोलशील. रोज एकली डबा खायला बसले की वाटायचं, आज येईल."

सिताराला रडू फुटलं. शकू रडली नाही.

"मी उद्याच येते ना तुझ्या शाळेत. सगळ्यांसमोर सांगते. मैनाला मी सांगितलंय सगळं."

"मैना काल आलीवती. पाया पडाय लागली. म्हनली, चल परत." शकूने कोपराने कपाळावरचे केस मागे सारले. "तिच्यावर राग नाय माझा. तुझ्यावरबी नाय म्हन. पन आता तिच्या म्होरं बसून बोटं दाखवायची, आन् तिनं माझ्याकडं बघायचं... नाय व्हायचं माझ्याच्यानं."

मथुराबाईने चहा केला होता. शकू कप घेऊन आली, कादरभाईंना वाकून नमस्कार केला आणि पुन्हा गोठ्यात निघून गेली. जाताना तिने सिताराला 'परत ये' म्हटलं नाही.

हडपसरच्या गर्दीत स्कूटर अडकली तेव्हा कादरभाईंनी मान न वळवता विचारलं, "झालं बोलणं?"

"झालं, अब्बा."

सोमवारी सितारा संभाजी सरांना सांगायला गेली. सर म्हणाले, "मग काय, फायनलला जिंकलेली ढाल परत करू या?" ती म्हणाली, "करू या." सर हसले आणि तासाची घंटा झाली म्हणून निघून गेले.

पुढच्या वर्षी दोन्ही शाळा पुन्हा समोरासमोर आल्या. लोणीची कॅचर नवी होती. तिचं नाव सिताराने विचारलं नाही.