यादीतलं पहिलं नाव

बांबूच्या कामट्या एकशे अठ्ठावीस होत्या. असुंताने त्या दोनदा मोजल्या. डुकरं दोन, दोन्ही उकडून झालेली, कढया चार, भाताच्या टोपल्या अकरा, मांस तोडायचा लाकडी ठोकळा एक. आणि ठोकळ्यामागे दोन बायका आधीच बसल्या होत्या.

एक वर्डिना, असुंताची धाकटी बहीण. हे सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. गावच्या दवाखान्यात ती बाळंतपणं करायची. तिच्या औषधांच्या कपाटात बंदूक आणि हातबॉम्ब सापडले असं पोलिसांनी लिहिलं आणि ती एकोणीस महिने तुरुंगात राहिली. बारा दिवसांपूर्वी न्यायाधीशांनी सांगितलं, की झडतीच्या वेळी पंच खोलीत नव्हतेच, आरोप बनावट आहे, हिला सोडा.

दुसरी ग्लोरिबेल, बागियो शहरातल्या वकिलाच्या कचेरीतली. वय असेल तिशीचं. एकोणीस महिने कोर्टाच्या पायऱ्या तिनेच झिजवल्या होत्या.

या डोंगरातली रीत साधी. ज्यांनी साथ दिली त्यांना शिजलेल्या मांसाचा वाटा कामटीत ओवून हातात द्यायचा. घरचे लोक तोडतात, ओवतात, वाटतात. त्यांना स्वतःला वाटा नसतो. आपल्याच घराचे आभार कोण मानतं? ठोकळ्यामागे बसते ती घरची बाई. आईबाप गेल्यावर वर्डिनाला असुंताखेरीज घरचं माणूस उरलं नव्हतं.

"मनांग, आलीस?" वर्डिना म्हणाली. मोठ्या बहिणीला ती लहानपणापासून अशीच हाक मारायची. "तू कामट्या तासतेस का जरा? इथे ग्लोरी आहे."

ग्लोरी. असुंताने ते नाव खड्यासारखं दाताखाली घेऊन पाहिलं.

"शहरात मांस असं कापतात होय?" ती म्हणाली. "एक तुकडा हत्तीचा, एक उंदराचा?"

"मग शिकवा ना, मनांग!" ग्लोरिबेल हसली.

"मनांग म्हणायला एका आईचं दूध प्यावं लागतं."

"अगं, मलाही ती मनांगच म्हणाली," शेजारची म्हातारी साबेल भाताच्या टोपलीआडून बोलली. "तोंडात दात नाहीत माझ्या, तरी! पोरीचे डोळे अधू असतील, दुसरं काय."

सगळ्या हसल्या. असुंता हसली नाही. ती पायरीवर बसून कामट्या तासू लागली, आणि तासता तासता मोजू लागली. दुपारपर्यंत वर्डिना सात वेळा हसली. सहा वेळा ग्लोरिबेलच्या बोलण्यावर, एकदा कुत्र्यावर.

"आठवतो तो गुरुवारचा पहारेकरी?" ग्लोरिबेलने विचारलं.

"टोपीवाला! आणि त्याचा तो डबा!"

डब्याचं काय झालं होतं ते असुंताला ठाऊक नव्हतं. गुरुवार तिचेही होते. ऐंशी गुरुवार ती चार तास खचाखच भरलेल्या जीपनी गाडीत हाडं खिळखिळी करून घेत तालुक्याला गेली, मांडीवर रताळी आणि भाताची पुरचुंडी घेऊन. दरड कोसळली तेव्हाचे दोन तेवढे चुकले. पण नातेवाइकांना भेट मिळायची अर्ध्या तासाची, तीही जाळीपलीकडून. ग्लोरिबेलला वकिलाच्या चिठ्ठीवर आतल्या खोलीत सोडायचे. तिथे जाळी नव्हती, घड्याळाचा धाक नव्हता. त्या खोलीत काय काय बोलणं झालं असेल, हे असुंताने ऐंशी वेळा परतीच्या वाटेवर मनाशी रचून पाहिलं होतं.

ऊन कलल्यावर अंगण भरलं. आपो बानिसल, गावातले सर्वांत वडीलधारे, यादी घेऊन उभे राहिले. कपड्यांना हात पुसायची वर्डिनाची जुनी सवय तुरुंगात सुटली होती. तिने हात तसेच ओशट ठेवून जोडले.

"तुम्ही सह्या केल्यात," ती म्हणाली. "कोर्टाबाहेर उन्हात उभे राहिलात. ओळखदेख नसताना पत्रं धाडलीत. मला भाषण येत नाही. एवढं खा."

"तुरुंगात लांबण लावायची सवय मोडली वाटतं!" कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

आपोंनी पहिलं नाव वाचलं. "असुंता, झऱ्यावरच्या घरची."

टाळ्या पडल्या. साबेलने कोपर मारलं. "ऊठ की! कान गहाण टाकलेस?"

वर्डिना दोन्ही हातांवर कामटी धरून आली. तुकडे सगळ्यांत मोठे होते, चरबीच्या कडेसकट. तिचे डोळे भरले होते. "आभार, मनांग. एकोणीस महिने ठरवून ठेवलं होतं. पहिलं नाव तुझं."

असुंताच्या हातात मांस ऊन लागत होतं.

"आणि हिचं?" तिने ठोकळ्याकडे मान केली. "कितवं?"

"ग्लोरीचं?" वर्डिना गोंधळली. "तिचं नाही घातलं. तिचे काय आभार मानायचे? ती आतलीच झाली ना."

ठोकळ्यामागे ग्लोरिबेल कोपरापर्यंत ओशट झाली होती, आणि वर्डिनाने सोडून ठेवलेल्या फडक्याला हात पुसत होती.

असुंता ठोकळ्याला वळसा घालून गेली. कामटी दोन्ही हातांवर उंच धरून ती सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही पोर एवढ्या लांबून येऊन आमच्यासाठी राबली, आणि हिला वाटा नाही? लोक आमच्या घराला काय म्हणतील? घे बाई. आमच्या घराकडून आभार."

"खरंच की!" आपो यादीत डोकं घालून म्हणाले. "नाव राहिलं कसं?"

टाळ्या आधीपेक्षा मोठ्या झाल्या. ग्लोरिबेलचा चेहरा लाल झाला. वाटा दोन्ही हातांनी घ्यायचा असतो आणि उभं राहून, पाहुण्यांच्या बाजूला जाऊन. तिने सुरा ठोकळ्यावर ठेवला, पुढे येऊन वाटा घेतला, मान लववली. साबेलने तिला हाताला धरून आपल्याशेजारी चटईवर बसवलं. "ये गं. इथे दात नसलेल्यांची पंगत आहे."

असुंता ठोकळ्यामागच्या बाकावर, ग्लोरिबेलच्या जागी बसली. सुऱ्याची मूठ अजून कोमट होती. तिने मोठा तुकडा पुढे ओढला आणि एकसारखे चार केले.

वर्डिना परत येऊन बसली. तिने बहिणीकडे पाहिलं, मग चटईकडे. पुढची कामटी उचलून ती ओवू लागली.

आपोंनी दुसरं नाव वाचलं.

बाक पाच फुटांचा होता. दोघींच्या मध्ये एक वीत आणि चार बोटं अंतर होतं.