दुरुस्तीची सोय

चेअरमननी नारळ फोडायला हात उचलला, तशी हाफिजा शिकलगारनं टेबलावरचा कीबोर्ड उचलून छातीशी धरला.

"म्याडम, भिऊ नका," चेअरमन भाऊसो चौगले म्हणाले. "नारळाच्या पाण्यानं मशीन बाटत न्हाय."

संचालक मंडळ हसलं. चेअरमन बोलले की हसायचं, हे त्या मंडळाला उत्तम जमत असे. नारळ फुटला आणि निम्मं पाणी प्रिंटरवर उडालं. हाफिजानं ते पदरानं पुसलं. पुसताना तिच्या चेहऱ्यावर उघड तुच्छता होती आणि ती लपवायची तसदी तिनं घेतली नव्हती. गरजही नव्हती. आपल्याकडे कुणी तुच्छतेनं पाहत असेल, ही शंका त्या खोलीतल्या एकाही माणसाला आयुष्यात कधी आलेली नव्हती.

बाहेर साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाची मोळी टाकून हंगाम सुरू झाला होता. त्याच मुहूर्तावर हा कंप्युटरही उरकून घ्यावा असं ठरलं होतं. खोलीच्या दाराशी पायताणांचा ढीग पडला होता. आत पायताण घालून यायचं नाही हा नियम हाफिजानं धुळीसाठी केला होता. मंडळींनी तो आनंदानं पाळला, कारण त्यांना ते देवघर वाटलं. खरं कारण सांगायचा नाद तिनं केव्हाच सोडून दिला होता.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या एका कंपनीत ती कामाला होती. कंपनीत रंगवलेली पाटी होती, फोन होता, मालक होते आणि प्रोग्रॅम लिहिता येणारी एकटी हाफिजा होती. कारखान्याचं हे काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत तिच्याच गळ्यात होतं. काम दिसायला साधं. शेतकरी ऊस लावतो आणि लागणीची तारीख कारखान्याकडे नोंदवतो. ज्याची लागण आधी, त्याचा ऊस आधी तोडायचा. नियम असा होता आणि तो वर्षानुवर्षं फक्त कागदावर होता. प्रत्यक्षात आधी संचालकांचा ऊस जायचा, मग त्यांच्या पाहुण्यारावळ्यांचा, मग मतं देणाऱ्यांचा. उरलेल्यांच्या फडाला तुरे यायचे, ऊस उभ्या उभ्या वाळायचा आणि वजनाला मार बसायचा. आता हा क्रम मशीन लावणार होतं.

काम कसं कसं होत जाईल याचा एक तक्ता हाफिजानं केला होता: आधी काय हवं ते विचारून घेणं, मग आराखडा, मग प्रोग्रॅम लिहिणं, चाचणी, चालू करणं आणि पुढची देखभाल. सुबक अक्षरात लिहून तो तिनं मीटिंगच्या हॉलमध्ये टांगला. पुढच्या खेपेला आली तेव्हा त्याच खिळ्यावर खत कंपनीचं कॅलेंडर होतं आणि तक्ता कपबश्यांच्या ट्रेखाली.

काय हवं ते विचारायला ती एकेका संचालकाकडे गेली होती.

"या सिस्टीमकडून तुम्हाला काय काय हवं आहे?"

"सगळं पायजे," एकजण म्हणाला. "पैसं मोजल्यात की."

दुसऱ्यानं विचारलं, मशीन पत्रिका जुळवतं का, थोरल्या मुलीचं बघायचं होतं. तिसरा तिच्याशी बोललाच नाही. बाईमाणसाशी काय बोलायचं म्हणून त्यानं सगळी उत्तरं तिच्या शेजारी बसलेल्या ड्रायव्हरला दिली आणि ड्रायव्हरनंही ती मान डोलवत ऐकून घेतली. गाढवापुढे वाचली गीता, असं हाफिजा घरी गेल्यावर वडिलांना म्हणाली. नबीलाल शिकलगार कात्रीला धार लावत होते. ते म्हणाले, गाढवं पगार देत्यात न्हवं, मग वाच.

चेअरमननी मात्र नेमकं सांगितलं होतं.

"आमचा ऊस पयला निघाय पायजे. तेवढं घाला आत."

"ते घालता येणार नाही. लागणीच्या तारखेनं जो क्रम येईल तोच येईल."

"मशीन कुणाचं हाय?"

"तुमचं. नियमही तुमचाच आहे, तुमच्याच सभेत पास झालेला."

चेअरमन शेजारच्या शेती अधिकाऱ्याकडे बघून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बाई शिकल्याली हाय." हाफिजाला त्या दिवशी आपण जिंकलो असं वाटलं. एसटीत खिडकीशी बसून ती सगळा रस्ता स्वतःशीच हसत आली.

त्या सगळ्या गोंगाटात तिला माणसासारखा माणूस एकच भेटला, तो हा शेती अधिकारी, आकाराम खराडे. कृषी पदवीधर. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, स्वच्छ भाषा. ती आली की ते उठून खुर्ची द्यायचे. ट्रेखालचा तक्ता काढून, पुसून, त्यांनीच स्वतःच्या केबिनमध्ये लावला होता. चाचणीला किती गावं घेणार, वीज गेली तर काय, असे प्रश्न ते विचारायचे आणि उत्तर ऐकूनही घ्यायचे. कारखान्यात एक तरी माणूस सिस्टीम समजणारा आहे, असं तिनं मालकांना दोनदा सांगितलं होतं.

प्रोग्रॅम बहुतेक लिहून झाला होता, तेव्हा खराडे म्हणाले होते, "मॅडम, एक सुचवू का? नोंदी गावोगाव घेतल्या जातात. माणसंच घेतात, चुका होतात. उद्या एखाद्याची तारीख चुकीची पडली तर ती दुरुस्त करायची सोय हवी. नाहीतर विनाकारण त्या गरिबावर अन्याय व्हायचा."

आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही, याचीच हाफिजाला लाज वाटली. तिनं दुरुस्तीची स्क्रीन लिहून दिली. ती उघडायचा परवलीचा शब्द दोघांनाच माहीत, खराड्यांना आणि तिला. संचालकांपैकी कुणाच्या हाती ती पडू नये म्हणून तिनं ही काळजी घेतली होती. खराडे म्हणाले, "अगदी योग्य केलंत."

चाचणीसाठी तिनं एक गाव निवडलं आणि नोंदी शेतावर जाऊन पडताळल्या. असलं काम तिच्या मालकांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसतं. डिसेंबरची थंडी होती. तिथं शेवंताबाई भेटली, बांधावर उभी राहून कुणालातरी शिव्या घालत असलेली. विधवा बाई, थोडकी जमीन आणि गावात विरोधी पार्टीची. तिचा ऊस जुलैत, बेंदूर झाल्या झाल्या लावलेला, आता चांगला कंबरेला आला होता. शेजारच्या रानात चेअरमनच्या भावाची लागण तेव्हा कुठं चालू होती. बायका सरीत कांड्या टाकत होत्या.

"आता भांडायला लागणार नाही, मावशी," हाफिजानं तिला सांगितलं. "मशीन तोंड बघत नाही. तारीख बघतं."

"बगू की," शेवंताबाई म्हणाली. कारखान्याकडून आलेल्या कुठल्याही माणसाला ती याहून जास्त किंमत देत नसे.

हे सगळं गेल्या वर्षीचं. आता नारळ फुटला, हंगाम सुरू झाला, आणि मशीन गावोगावच्या याद्या काढू लागलं. कुठं कुरबूर झाली की ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा चिटबॉय, नावाचा बॉय आणि वयानं पन्नाशीचा, कागद पुढं करायचा. "कंप्युटरनं काढलंय." त्यावर कुणी बोलत नसे. तालुक्याच्या वर्तमानपत्रात चेअरमनचा मशीनवर हात ठेवलेला फोटो छापून आला. हाफिजा आठवड्यातून एकदा देखभालीला येई, याद्यांच्या चळती पाहून जाई आणि खूश होई. काम संपल्याचं पत्र तेवढं यायचं राहिलं होतं. त्यावर सही करायची होती खराड्यांनी.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी शेवंताबाई कंप्युटरच्या खोलीत शिरली. पायताणासकट.

"मशीन तारीख बगतंय म्हनालीस न्हवं?"

"होय. काय झालं?"

"चेअरमनच्या भावाचा ऊस ग्येला. माज्या डोळ्यादेखत माज्यामागनं लावल्याला. माजा हाय उभा. तुरं आल्यात. चिटबॉय म्हनतोय, तुजा लंबर फागणात."

"असं होणार नाही, मावशी."

"व्हनार न्हाय कसं? झालंय." शेवंताबाईनं खोलीभर नजर फिरवली. "आदी बरं हुतं बग. चिटबॉयच्या दारात हुबी ऱ्हाऊन चार शिव्या हासडल्या की त्यो वैतागून चिठ्ठी द्यायचा. आता त्येला शिव्या दिल्या तर म्हनतोय, मी काय करू, मशीनला दे. मशीनला काय शिव्या द्यू?"

हाफिजानं तिला बसायला खुर्ची दिली आणि तिचं गाव पडद्यावर काढलं. चेअरमनच्या भावाची लागण जुलैची होती. शेवंताबाईची होती डिसेंबरची. हाफिजानं डोळे चोळून पुन्हा वाचलं. कांड्या टाकणाऱ्या बायका तिनं स्वतः पाहिल्या होत्या. शेवंताबाईचा कंबरेएवढा ऊस तिनं स्वतः पाहिला होता. मग तिनं चेअरमनचं नाव काढलं, त्यांच्या मेहुण्याचं, पत्रिकेचं विचारणाऱ्या संचालकाचं. नोंदींप्रमाणे साऱ्या मंडळानं एकाच आठवड्यात, भर जुलैत, ऊस लावला होता. प्रोग्रॅममध्ये काडीचीही चूक नव्हती. खोट्या तारखा त्यानं अगदी बरोबर क्रमानं लावल्या होत्या.

तिला राग आला तो आधी स्वतःचाच. दोन वर्षं तिनं ज्यांची टिंगल केली, त्या आरडाओरडा करणाऱ्या माणसांना या मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळायची गरजही पडली नव्हती. कळणारा एक माणूस त्यांच्या पदरी होता, आणि तो तिला खुर्ची देत होता.

"घरी जावा, मावशी," ती म्हणाली. "तुमचा ऊस या आठवड्यात तुटेल."

"बगू की," शेवंताबाई म्हणाली आणि गेली.

हाफिजानं दुरुस्तीची स्क्रीन उघडली. शब्द टाकला. शेवंताबाईच्या नावापुढची तारीख तिनं जुलैची केली, जी खरी होती. बाकीच्यांना हात लावला नाही. ते सगळं सोमवारी संचालकांच्या सभेत सगळ्यांसमोर मांडायचं, चेअरमनच्या तोंडावर, असं तिनं ठरवलं. काय बोलायचं ते तिनं परतीच्या एसटीत मनात जुळवलं. त्यात दोन-तीन वाक्यं अशी झोंबणारी होती की ती तिला स्वतःलाच आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आठवडा व्हायची वाट न बघता, ती येऊन बसली तोच खराडे आत आले. बूट बाहेर काढून, मोज्यांवर. हातात ताजी यादी होती.

"शेवंताबाई एकदम वर आल्या," ते म्हणाले.

"त्यांची तारीख चुकली होती."

"होतात चुका." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी यादी टेबलावर ठेवली, खिशातून पेन काढलं आणि सोबत आणलेल्या पत्रावर तिच्यासमोरच सही केली. काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याचं ते पत्र होतं. शाई वाळावी म्हणून त्यांनी त्यावर हलकेच फुंकर घातली.

"शेवंताबाई तुमच्या कोण लागतात?"

"कोणी नाही," हाफिजा म्हणाली.

खराडे हसले. दोन वर्षांत ते तिच्याशी नेहमी अदबीनं वागले होते. आज पहिल्यांदाच त्यांच्या हसण्यात आपलेपणा होता.

"नाव वेगळं असलं म्हणून काय झालं. मानलेली नाती असतातच की," ते म्हणाले. "सांगायलाच पाहिजे असं नाही, मॅडम."

"साहेब, तिचा ऊस खरोखरच जुलैचा आहे. मी स्वतः पाहिलाय."

"असेल ना. सगळ्यांचाच असतो." त्यांनी पत्र तिच्यापुढं सरकवलं. "सोमवारच्या सभेत मी हे काढणार नाही. निश्चिंत राहा. फक्त पुढच्या वेळी मला आधी सांगा, म्हणजे मीच करून देईन. आपल्या माणसांचं आपणच बघायचं असतं."

हाफिजाला एसटीत जुळवलेल्यातलं एकही वाक्य आठवेना. सोमवारी ती उभी राहिली, तर पहिला प्रश्न काय विचारला जाईल ते तिला आता माहीत होतं, आणि त्याचं तिचं उत्तर त्या खोलीत कुणीही खरं मानणार नव्हतं.

खराड्यांनी दाराशी वाकून बूट चढवले. जाताना त्यांनी दार नीट ओढून घेतलं, मशीनसाठी लावलेल्या एसीचा गारवा बाहेर जाऊ नये म्हणून.